चालत येणारं मशीन: एका दुरुस्तीची पूर्ण हकिगत

सिंहगड रस्त्यावरची जुनी सोसायटी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. ड्राय बाल्कनीत साडेसहा किलोचं टॉप लोड, फुल्ली ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन, वय नऊ वर्षं. फोनवर काकूंनी तक्रार एका दमात सांगितली, "पिळायला लागलं की चालत चालत दारापर्यंत येतं, आणि आता खालचे लोक जिना चढून वर यायला लागलेत."

मी या भागात घरगुती मशीनं दुरुस्त करतो. सस्पेन्शन रॉड, म्हणजे टब ज्यांवर टांगलेला असतो त्या सळ्या, बदलणं म्हणजे काही फार मोठं काम नाही, हात बसलेल्या माणसाला तासाभराचं. तरी हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण यात रोग ओळखायला दोन जण चुकले आणि रोग लावणारा तिसराच निघाला. त्या तिसऱ्याची गाठ पुढे पडेलच.

माझ्या आधी दोघं येऊन गेले होते. पहिल्याने झाकण उघडलं, ड्रम हाताने हलवला आणि "बेअरिंग गेलंय, गिअरबॉक्ससकट बदलावं लागेल" म्हणून पाच हजारांचा आकडा सांगितला. दुसऱ्याने मशीनखाली जाड रबरी मॅट घातली, पाय वरखाली केले आणि तीनशे रुपये घेऊन गेला. मॅटने आवाज जरा दबला, पण मशीन मॅटसकट सरकू लागलं. काकूंच्या भाषेत, "आता गालिच्यावर बसून येतं."

कपडेही नीट पिळले जात नव्हते. स्पिनला लागलं की धाड-धाड, मग एकदम बंद. परत पाणी भरायचं, कपडे ढवळायचे, परत स्पिन. टब प्रमाणाबाहेर हेलकावला की वरच्या बाजूची एक पट्टी ढकलली जाते आणि मशीनला वाटतं, कपडे एका बाजूला गोळा झालेत. मग ते आपणहून पाणी घेतं आणि कपडे पसरवून बघतं. दोन-तीनदा करूनही जमलं नाही की एरर दाखवून मुकाट बसतं. पन्नास मिनिटांचा प्रोग्राम दोन तासांवर गेला होता. मे महिना, सोसायटीत दिवसाआड टँकर, आणि हे मशीन एका धुण्याला दोन धुण्यांचं पाणी पीत होतं. आवाजापेक्षा काकूंना राग होता तो याचा.

आवाज कधी येतो?

अशा तक्रारीत मी गेल्या गेल्या पाना काढत नाही. आधी मशीन लावून शेजारी उभा राहतो. आवाज कसा येतो ते गिऱ्हाईक सांगतंच. तो कधी येतो, ते आपण बघायचं असतं.

आधी रिकाम्या टबावर स्पिन लावून बघितलं. काहीच नाही, मशीन गुपचूप फिरलं. मग एक टॉवेल भिजवून मुद्दाम एका बाजूला दाबून ठेवला आणि पुन्हा स्पिन. पहिल्या काही सेकंदांत, ड्रम जेमतेम वेग घेत असताना, टब बॉडीच्या पत्र्यावर तीन-चारदा आपटला. पट्टीला लागायच्या आतच वेग चढला आणि आवाज गेला. पूर्ण वेगाला मशीनवर पाण्याचा पेला ठेवला असता तरी सांडला नसता. शेवटी ब्रेक लागून वेग उतरताना पुन्हा तीच आपटाआपटी. टॉवेलच्या जागी धुण्याचा मोठा गोळा असता तर वेग चढायच्या आतच पट्टी ढकलली गेली असती. काकूंच्या घरी रोज तेच होत होतं.

इथेच बेअरिंगचा विषय संपला. बेअरिंग गेलेलं असलं तर जसजसा वेग वाढेल तसतसा आवाज चढत जातो, पूर्ण वेगाला घरात विमान शिरल्यासारखी घरघर होते. शिवाय आतला टब वरच्या कडेला धरून हलवला तर खुळखुळतो, आणि बऱ्याचदा खाली गंजाच्या रंगाचं पाणी ठिबकलेलं दिसतं. इथे यातलं काहीच नव्हतं. पहिल्या माणसाने ड्रम हलवला तेव्हा अख्खा टब झुलला असणार, आणि त्यालाच तो बेअरिंगचा खुळखुळाट समजला. टब आणि बेअरिंग यातला फरक हाताला कळायला वेळ लागतो, त्यामुळे त्याला मी फार दोष देत नाही. पाच हजारांच्या आकड्याला मात्र देतो.

टबाच्या वरच्या कडेला एक पोकळ प्लास्टिकची रिंग असते, तिच्यात मिठाचं पाणी भरलेलं असतं. फिरताना ते पाणी वजनाच्या विरुद्ध बाजूला सरकतं आणि तोल सांभाळतं. ती फुटली तर टब रिकामा असतानाही मशीन थरथरतं. टब हाताने हळू फिरवला तर आत खळखळ ऐकू आली, पांढरे मिठाचे डाग कुठे नव्हते. रिंग शाबूत. लेव्हल लावली, बुडबुडा मध्यावर. म्हणजे दुसऱ्याने निदान पाय तरी बरोबर बसवले होते.

उरले रॉड. टॉप लोड मशीनमध्ये बाहेरचा टब, त्यातला भोकाभोकांचा टब, खालची मोटर, गिअरबॉक्स, ड्रेन मोटर, हा सगळा संसार तळाला टेकलेला नसतो. बॉडीच्या चार कोपऱ्यांतून चार सळ्यांवर तो टांगलेला असतो, चार कड्यांच्या झोपाळ्यासारखा. प्रत्येक सळीच्या वरच्या टोकाला अर्धगोल प्लास्टिकची टोपी असते, ती बॉडीच्या कोपऱ्यातल्या खोबणीत बसते. खालच्या टोकाला प्लास्टिकचा कप, कपात स्प्रिंग आणि घट्ट ग्रीस. टबाचे कान या कपांवर टेकतात. टब खाली गेला की कप सळीवरून घसरतो आणि स्प्रिंग दबते. वजन स्प्रिंग उचलते, हेलकावा ग्रीस आणि कपात कोंडलेली हवा अडवते. स्कूटरच्या शॉकअपमध्ये हेच असतं. शॉकअपमधलं तेल गळलं तरी स्प्रिंग धडधाकट दिसते, गाडी मात्र खड्ड्यानंतर पन्नास फूट उड्या मारत जाते.

मशीन बंद केलं, टबाच्या कडेवर तळहात ठेवून खाली दाबलं आणि सोडलं. चांगल्या रॉडवर टब वर येतो, एकदा हलतो, थांबतो. पुढच्या दोन कोपऱ्यांत तो दोनदा हलला, म्हणजे थकलेले पण जिवंत. मागच्या दोन्ही कोपऱ्यांत दाबलं तेव्हा मी मोजलं: एक, दोन, तीन, चार, आणि पाचवा अर्धा. निदान झालं. या तपासणीला हत्यार लागत नाही, मशीन उघडावं लागत नाही. जिथे ही तक्रार असेल तिथे पहिल्यांदा हे करावं.

थोडं गणित

स्पिनला आतला टब मिनिटाला ७०० च्या आसपास फेऱ्या घेतो. टबाची त्रिज्या २२ सेंटिमीटर धरली तर कडेच्या कपड्यांवर गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास १२० पट ओढ येते. एका बाजूला एक किलोचा ओला बोळा राहिला तर तो टबाला १२० किलोच्या जोराने बाहेर खेचतो. हे ऐकलं की कोणालाही वाटेल, पूर्ण वेगाला मशीन सगळ्यात जास्त नाचत असणार.

होतं उलटं. इतक्या वेगाला टांगलेल्या टबाला या कडेवरून त्या कडेला जायला सवडच मिळत नाही. टांगलेलं एकूण वजन पस्तीसेक किलो असेल तर त्या एका किलोपायी टबाची डगमग मध्यापासून जेमतेम सहा मिलिमीटर होते, आणि टब ते पत्रा यांच्यात दोन-तीन सेंटिमीटरची जागा असते. धोका असतो तो सुरुवातीला आणि शेवटी, दीडशे फेऱ्यांच्या आतबाहेर. त्या वेगाला टबाचा फेरा आणि स्प्रिंगवर टांगलेल्या वजनाचा स्वतःचा हेलकावा यांची लय जुळते. झोपाळ्यावर बसून बरोबर लयीत जमिनीला पाय मारला तर लहान पोरही झोपाळा आढ्यापर्यंत नेतं, तसंच. त्या दहा-पंधरा सेकंदांत टबाला आवरणारं एकच असतं, कपातलं ग्रीस. ते मेलं की टब पत्र्यावर आपटतो, पत्रा पायांवर, पाय फरशीवर, आणि फरशी खालच्या मजल्यावरच्यांच्या डोक्यावर.

मॅटने हे थांबणार नव्हतंच. मॅट फरशी आणि मशीनच्या मध्ये असते, भांडण टब आणि पत्र्यात होतं.

तेल कोणी मारलं?

प्लग काढला, नळ बंद केला, पाण्याचा पाइप सोडवला. मशीन भिंतीपासून पुढे ओढलं आणि मागचे दोन स्क्रू काढून वरचं झाकण पॅनेलसकट उचललं. वायरींना ताण नको म्हणून ते कपडे वाळत घालायच्या दोरीला बांधून ठेवलं.

मागच्या उजव्या कोपऱ्यात बॅटरी मारली. सळीवर वरपासून खालपर्यंत काळपट चिकट ओघळ, त्यावर धूळ आणि कपड्यांचे तंतू बसून झालेला लगदा. ओघळ थेट कपात उतरलेला. मागच्या डाव्या सळीवर तसाच. पुढच्या दोन्हींवर थोडा. रॉडवर तेल कंपनी लावत नाही.

"काकू, इथे तेल कोणी मारलं होतं?"

"तुम्हीच की हो. दोन वर्षांपूर्वी, गणपतीच्या आधी. कुरकुर येते म्हणून सांगितलं होतं ना."

मला आठवलं. ड्रेन पाइप बदलायला आलो होतो आणि जाता जाता गंज सोडवायच्या स्प्रेचे चार फवारे चार कोपऱ्यांत मारले होते, पाठीमागे जरा जास्तच. कुरकुर लगेच थांबली होती. काकूंनी खूश होऊन चहा पाजला होता.

कुरकुर येते ती वरच्या टोपीतून. टोपी आणि पत्र्याची खोबणी एकमेकांवर घासून कोरडी पडतात. तिथे बोटाच्या टोकाएवढं ग्रीस पुरतं. स्प्रेचं तेल पाण्यासारखं पातळ, ते टोपीपाशी थांबत नाही, सळीवरून ओघळत खाली कपात जातं आणि तिथलं घट्ट ग्रीस पातळ करतं. या कपातलं ग्रीस घसरावं म्हणून नसतं, अडवावं म्हणून असतं. ते सैल झालं की कप सळीवर नुसता सरकतो. माझ्या चार फवाऱ्यांनी कुरकुर गेली आणि तिच्याबरोबर मशीनचा ब्रेकही गेला. नऊ वर्षांचे रॉड आज ना उद्या थकलेच असते, हे खरं आहे. पण जिथे तेल जास्त पडलं तेच दोन आधी गेले, हेही मला दिसत होतं.

मागचा उजवा रॉड सोडवून बाहेर काढला. खालचा कप धरून ओढला तर तो बांगडीसारखा वरखाली झाला, कसलाच अटकाव नाही. वरची टोपी घासून तिची पांढरी भुकटी खोबणीत साठली होती. काकूंच्या हातात दिला. त्यांनी दोनदा वरखाली करून बघितलं आणि म्हणाल्या, "हा तर आमच्या बाथरूमच्या पडद्याचा दांडा."

चारही का

गेलेले दोन, बदलायचे चार. गिऱ्हाइकाला हे पटवणं अवघड जातं, कारण आपण माल खपवतोय असं वाटतं. पण पाठीमागे नवे कडक आणि पुढे जुने सैल अशी जोडी लावली तर टब प्रत्येक हेलकाव्याला पुढच्या बाजूला झुकतो आणि पुढचे रॉड झपाट्याने जातात. दोन महिन्यांनी परत तीन मजले चढा. गेलेला एकच असेल आणि मशीन वर्ष-दोन वर्षांचं असेल तर मी एकच बदलतो, नवव्या वर्षी नाही.

काढलेला रॉड पिशवीत घातला. टबाच्या रिकाम्या कोपऱ्यात, पत्रा आणि टबाच्या मध्ये, जुनी सतरंजी कोंबली. काकूंनी नातवाच्या वहीचा कागद फाडून मशीनवर चिकटवला, "मशीन बंद. हात लावू नये." दुसऱ्या दिवशी पुण्यातला इलेक्ट्रिक सामानाचा बाजार, तपकीर गल्ली गाठली.

तिथे पहिल्या दुकानात "कुठल्याही साडेसहा किलोला चालतो" म्हणून जो सेट मिळाला, तो जुन्या रॉडशेजारी धरला तर दोन सेंटिमीटर आखूड. पूर्ण लांबी मोजून फसायला होतं. मोजायचं ते टोपीच्या बुडापासून कपाच्या माथ्यापर्यंतचं अंतर, कारण टब किती उंचीवर लटकणार ते त्यावर ठरतं. आखूड रॉडने टब वर उचलला जातो आणि उसळला की वरच्या झाकणाला लागतो, लांब रॉडने बुड खाली टेकतं. जुना रॉड सोबत नेला नसता तर मी तोच सेट घेऊन आलो असतो.

दुसऱ्या दुकानात मापाचा सेट मिळाला, अकराशे रुपये. त्यात दोन कप पांढरे, दोन राखाडी. "फरक काय?" विचारलं तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काही नाही, कुठेही लावा." घरी येऊन बाथरूममधला वजनकाटा खाली ठेवला, रॉड उभा धरून प्रत्येक कप तीन सेंटिमीटर दाबला आणि काटा स्थिर होऊ दिला. पांढऱ्यांना काटा सातच्या आसपास, राखाडींना आठच्या वर. म्हणजे राखाडी स्प्रिंगा जास्त कडक. पट्ट्यावर चालणाऱ्या या मशीनमध्ये मोटर टबाच्या बरोबर मध्ये नसते, एका बाजूला असते, आणि ती बाजू जड पडते. कडक स्प्रिंगा त्या बाजूला जायला हव्यात. "कुठेही लावा" ऐकून लावले असते तर टब रिकामा असतानाच एका बाजूला कलला असता.

बसवताना

हातमोजे घालावेत. पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात, आणि हात कापतो तो नेमका टब उचललेला असताना. एका हाताने टबाची कड धरून टब दोन बोटं वर उचलायचा, दुसऱ्या हाताने रॉडची टोपी खोबणीतून आत ढकलून मोकळी करायची, मग खालचा कप टबाच्या कानातून सरकवून काढायचा. उलट क्रमाने नवा. एका वेळी एकच कोपरा. दोन रॉड एकदम काढले तर टब तिरका बसतो आणि मग त्याला वर आणायला दोन माणसं लागतात. काढण्याआधी मी चारही कोपऱ्यांवर मार्करने खूण केली, मोटरची बाजू वेगळी.

खोबण्यांतली भुकटी कोरड्या फडक्याने पुसली. ग्रीस फक्त अर्धगोल टोपीच्या पोटाला, सळीला टिपूसही नाही. नवा कप हाताने दाबून बघितला तेव्हा तो फुस्स करत सावकाश गेला आणि तितक्याच सावकाश परत आला. जुना आणि नवा एकदा शेजारी धरून दाबला की या दुरुस्तीतलं सगळं कळतं.

शेवटचा कोपरा, पुढचा डावा, तेवढा भांडला. उरलेले तीन नवे कडक असल्याने टब तिकडे झुकेना. काकूंचा नातू कॉलेजातून आला होता, त्याला समोरून टब ढकलायला लावला आणि टोपी टक्कन बसली. मग चारही बाजूंनी टब आणि पत्र्याच्या मधल्या फटीत बोटं घालून पाहिलं. सगळीकडे सारखी फट. दाबून सोडलं तर चारही कोपऱ्यांत टब एकदा हलून थांबला.

चाचणीला टॉवेल नको म्हटलं. काकूंची सोलापुरी चादर भिजवली आणि एकटीच टाकली, कारण या घरात मशीन सगळ्यात जास्त नाचायचं ते चादरीच्या दिवशी. जाड सुती चादर पाणी पिऊन दगडासारखी होते आणि एका बाजूला मुटकुळं करून बसते. स्पिन लागलं. टब एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मोठा झोका घेऊन गेला, पत्र्याला टेकला नाही, आणि वेग धरला. नातवाने मॅटखाली हात घालून बघितला. ब्रेकच्या वेळीही एकच झोका. मशीन जागच्या जागी.

तरी चादर एकटी टाकू नका, हे सांगितलंच. सोबत दोन-चार लहान कपडे टाकले की ते मधल्या फटी भरतात आणि वजन गोल पसरतं. मॅट काढून टाकायला लावली. मऊ मॅटवर पाय दबतात, आणि लेव्हल आज बरोबर असली तरी महिन्याने नसते.

पैशांचं बोलणं आलं. सेटचे अकराशे घेतले, मजुरी घेतली नाही. काकूंनी कारण विचारलं तेव्हा दोन वर्षांपूर्वीचा स्प्रे आणि त्याचा उद्योग सांगितला. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी त्या दिवशी चहा फुकटच पाजला म्हणायचा." आणि परत चहा टाकायला आत गेल्या.

दिवाळीच्या आधी त्याच जिन्यात दुसऱ्या घरी गेलो होतो तेव्हा वर डोकावलो. टब दाबून बघितला, चारही कोपऱ्यांत एकच हेलकावा. मागच्या उजव्या टोपीतून अगदी बारीक चुईक ऐकू आलं. झाकण उघडलं, तेवढी एक टोपी मोकळी करून तिच्या पोटाला बोटभर ग्रीस लावलं, परत बसवली.